काटा शून्यावर आला तरी थांबा : उच्च दाबाचे सीओटू एक्स्ट्रॅक्शन यंत्र सुरक्षित कसे चालवावे

सांगलीजवळच्या एका छोट्या कारखान्यात मी पाच लिटरच्या सीओटू एक्स्ट्रॅक्शन यंत्रावर, म्हणजे दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने (सीओटूने) मसाल्यांतले तेल काढणाऱ्या यंत्रावर, ऑपरेटर म्हणून रुजू झाले, तेव्हा मला एकाच गोष्टीची भीती होती, ती म्हणजे ३०० बार दाबाची (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या हवेचा दाब). दाब चढताना मी यंत्रापासून चार हात लांब उभी राहायचे आणि दाब उतरून काटा शून्यावर आला की निर्धास्त व्हायचे.

दुसऱ्या महिन्यात आल्याची बॅच संपवून मी व्हेंट व्हॉल्व्ह, म्हणजे वायू बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह, भराभर उघडला. काटा खाली आला, आवाज थांबला. झाकणाच्या क्लॅम्पवर पाना लावला, पण तो हलेना. मी मोठा पाना आणायला वळले, तोच आमचे जुने फिटर काका म्हणाले, "ताई, थांबा. काटा शून्यावर हाय म्हंजी आत काय न्हाई, असं न्हवं." त्यांनी व्हेंटच्या पाइपाकडे बोट दाखवले. वळणापाशी पांढरे जाड हिव जमले होते. आम्ही काहीही न करता वाट पाहिली. वीसेक मिनिटांनी पाइपातून बंदुकीसारखा आवाज आला, सुक्या बर्फाचा बोळा बाहेर उडाला आणि अडकलेला वायू सुटला. गेज त्या बोळ्याच्या पलीकडे होते, म्हणून ते शून्य दाखवत होते. वेसलमधला, म्हणजे माल भरायच्या जाड भांड्यातला, दाब गेलेलाच नव्हता.

या यंत्रावर नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रसंग सांगते. दाब चढत असताना सगळेच सावध असतात. काम संपले असे वाटते, त्या वेळी हात कापला जातो, झाकण उडते, माणूस गुदमरतो. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये यंत्र सुरू करण्यापेक्षा बंद करण्यावर मी जास्त लिहिले आहे. तुमच्या यंत्राच्या निर्मात्याने दिलेली पुस्तिका यापेक्षा वेगळे काही सांगत असेल, तर पुस्तिकेचेच ऐका.

१. आधी वायूची ओळख करून घ्या

कार्बन डायऑक्साइड ३१.१ अंश सेल्सिअस आणि ७३.८ बार या दोन्ही मर्यादांच्या वर गेला की तो धड वायू राहत नाही, धड द्रवही राहत नाही. वायूसारखा तो भुकटीच्या कणाकणात शिरतो आणि द्रवासारखे तेल विरघळवून घेतो. आपला सगळा धंदा या एका गुणावर उभा आहे. आल्याचे तेल आणि तिखटपणा दोन्ही त्यात चांगले उतरतात. हळदीचे सुगंधी तेल उतरते, पण रंग देणारे कर्क्युमिन जवळजवळ मागेच राहते. (नवे मालक "पिवळा रंग का येत नाही" म्हणून दाब वाढवायला सांगतात. वाढवू नका. वायूच्या स्वभावातच ते नाही.)

सुरक्षेसाठी चार आकडे पाठ असू द्या.

पहिला आकडा ५७ बार. २० अंशांवर सिलिंडरमध्ये द्रव सीओटू असताना आतला दाब एवढा असतो. सिलिंडर भरलेला असो की त्यात तळाशी थोडे द्रव उरलेले असो, गेज तेवढेच दाखवते. किती माल उरला हे गेज सांगत नाही, वजनकाटा सांगतो.

दुसरा ५.२ बार. याच्या खाली द्रव सीओटू टिकूच शकत नाही. तो एकतर वायू होतो, नाहीतर बर्फ. मोकळ्या हवेत त्या बर्फाचे तापमान उणे ७८.५ अंश असते.

तिसरा ५४०. एक किलो द्रव सीओटू खोलीच्या तापमानाला सुमारे ५४० लिटर वायू होतो.

चौथा दीड. हा वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड आहे. तो वर जात नाही, फरशीवर पसरतो, खड्ड्यात, गटारात, तळघरात साचतो. १९८६ साली कॅमेरूनमधल्या न्योस सरोवरातून रात्री हा वायू बाहेर पडला आणि दरीत उतरत गेला. सुमारे १,७०० माणसे जिथल्या तिथे मेली.

२. यंत्राआधी खोली तयार करा

बहुतेक जण यंत्रावर लाखो रुपये खर्च करतात आणि ते ठेवतात गोदामाच्या मागच्या कोपऱ्यातल्या बंद खोलीत. तुम्हाला अशी खोली मिळाली, तर काम सुरू करण्याआधी हा हिशेब मालकांसमोर ठेवा.

खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच, म्हणजे ६० घनमीटर. एका पाच लिटरच्या वेसलमध्ये ३०० बार आणि ५० अंशांवर चार किलोंहून जास्त सीओटू असतो. तो सगळा खोलीत सुटला तर २.३ घनमीटरच्या आसपास वायू होतो, म्हणजे खोलीतल्या हवेच्या जवळजवळ ४ टक्के. आणि ४ टक्के, म्हणजेच ४०,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत एवढे भाग), ही जिवाला तात्काळ धोका मानली जाणारी पातळी आहे. हे झाले फक्त वेसलचे. भरलेला ३० किलोंचा एक सिलिंडर सुटला तर १६ घनमीटर वायू होतो. मग त्या खोलीत कोणी वाचणार नाही.

आठ तासांच्या पाळीसाठी सरासरी मर्यादा ५,००० पीपीएम आहे. ७ ते १० टक्क्यांवर काही मिनिटांत ते तासाभरात शुद्ध हरपते.

इथे एक सापळा आहे आणि त्यात शिकलेली माणसेही सापडतात. "आमच्याकडे ऑक्सिजन मीटर आहे" असे अनेकजण सांगतात. पण हवेत ५ टक्के सीओटू मिसळला तरी ऑक्सिजन २०.९ वरून फक्त १९.९ टक्क्यांपर्यंत उतरतो. ऑक्सिजन मीटरचा इशारा साधारणपणे १९.५ वर लावलेला असतो. म्हणजे मीटर शांत आणि माणूस धोक्यात. ऑक्सिजन कमी होण्याच्या कितीतरी आधी सीओटू स्वतःच विषासारखा काम करतो. तेव्हा सीओटूचाच सेन्सर हवा.

तो फरशीपासून फूट-दीड फूट उंचीवर बसवा. त्याचा आकडा दाराबाहेर दिसला पाहिजे, म्हणजे आत शिरण्याआधी वाचता येईल. पहिला इशारा ५,००० पीपीएमला, दुसरा, बाहेर पळण्याचा, जास्तीत जास्त ३०,००० ला. एक छोटा सेन्सर अंगावरही असावा. हवा ओढणारा पंखा छताला नको, जमिनीलगत हवा. व्हेंटचा पाइप इमारतीबाहेर, उंच, माणसांच्या वाटेपासून आणि एसीच्या तोंडापासून दूर न्या. खोलीत केबलचा चर किंवा ड्रेनेजचा खड्डा असेल तर तो बुजवून टाका.

आमच्या भागात लोकांना ही गोष्ट समजावणे सोपे जाते, कारण हरिपूरची हळदीची पेवे, म्हणजे जमिनीखालचे साठवणीचे खोल खड्डे, सगळ्यांना माहीत आहेत. पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नाही. बराच वेळ हवा लागू देतात, कंदील सोडून पाहतात. ती सवय चांगली आहे, पण यंत्राच्या खोलीत कंदिलाच्या भरवशावर राहू नका. ज्योत विझेपर्यंत सीओटू दहा टक्क्यांच्या बराच वर गेलेला असतो, माणूस त्याआधीच पडतो.

३. कागद आणि हत्यारे जमवा

कागदांचा कंटाळा येतो, तरी पहिल्याच आठवड्यात हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा:

- वेसलचे निर्मात्याचे प्रमाणपत्र : डिझाइन दाब, डिझाइन तापमान आणि पाण्याने केलेल्या दाब-चाचणीचा अहवाल
- सक्षम व्यक्तीने केलेल्या नियतकालिक तपासणीचा दाखला
- सेफ्टी व्हॉल्व्हचे कॅलिब्रेशन आणि रप्चर डिस्कवरच्या (दाब फार वाढला की फुटून वायू सोडणाऱ्या चकतीवरच्या) पट्टीतला फुटण्याचा दाब
- पाइपांचा आणि व्हॉल्व्हांचा नकाशा, प्रत्यक्ष यंत्राशी ताडून पाहिलेला
- सीओटूचे सुरक्षा पत्रक, मराठीत, भिंतीवर
- लॉगबुक

गॅस सिलिंडर आणि मोठ्या टाक्यांचे नियम पाहणारी पेसो ही केंद्र सरकारची संस्था नागपूरला आहे. सिलिंडर परवानाधारक भरणाऱ्याकडूनच घ्या आणि त्याच्या मानेवर ठोकलेली चाचणीची तारीख वाचायला शिका. मुदत संपलेला सिलिंडर परत पाठवायचा, "एवढी एक बॅच होऊ दे" म्हणायचे नाही.

हत्यारांमध्ये टॉर्क पाना, योग्य मापाचे पाने, साबणाच्या पाण्याची बाटली, पूर्ण चेहरा झाकणारी काच, कानाचे मफ, थंडीचे जाड मोजे, पितळेची किंवा लाकडाची काडी, सिलिंडरसाठी वजनकाटा आणि व्हॉल्व्हला लावायची कुलुपे. थंडीचे मोजे सैल असावेत, आत थंडी शिरली तर झटकन काढता आले पाहिजेत.

एककांचा सापळाही इथेच सांगते. पंप बारमध्ये, गेज पीएसआयमध्ये आणि स्क्रीन मेगापास्कलमध्ये, असा मेळ नसलेला संच सर्रास मिळतो. ३०० बार म्हणजे ३० मेगापास्कल, म्हणजे सुमारे ४,३५० पीएसआय. प्रत्येक गेजवर तुमच्या डिझाइन दाबाची लाल रेघ रंगाने मारून घ्या. आकड्याचा घोळ झाला तरी रेघ चुकत नाही.

४. सिलिंडर जोडा

पंपाला द्रव लागते, म्हणून तळापर्यंत नळी असलेला सायफन सिलिंडर मागवा. साधा सिलिंडर जोडला तर पंपात वायू येतो, पंप आवाज करतो आणि दाब चढत नाही. मग नवखा माणूस वेग वाढवत बसतो.

सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला, सावलीत. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली सिलिंडर सहज ४० अंशांवर जातो, आणि ३१ अंशांच्या वर आत द्रव उरतच नाही. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पंप चालत नाही अशी तक्रार येते, तिचे हेच कारण असते. पंपाकडे जाणारी लाइन आणि पंपाचे डोके चिलरने ५ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली ठेवा. सिलिंडर संपत आला म्हणून त्याला बर्नर किंवा हीट गन लावणारे मी पाहिले आहेत. हे कधीही करू नका.

५. माल भरा, झाकण लावा

भुकटी फार बारीक नको. अर्ध्या मिलिमीटरच्या आगेमागे कण असले की वायू नीट फिरतो. पिठासारखी भुकटी ढेकूळ धरते, फिल्टर बुजवते, आणि बुजलेल्या फिल्टरच्या एका बाजूला दाब राहतो, दुसऱ्या बाजूला नाही. माल ओला असला तर पाणी तेलासोबत येते आणि पुढे थंड जागी गोठून अडकते. बास्केट, म्हणजे वेसलमध्ये ठेवायची भुकटीची टोपली, काठोकाठ दाबून भरू नका.

ओ-रिंग, म्हणजे झाकण घट्ट बसवणारी रबरी कडी, दर बॅचला बोटाने आणि डोळ्याने तपासा. दाबाखाली रबरात सीओटू मुरतो. दाब झटकन उतरला की तो रबराच्या आतच फुगतो, फोड येतात, चिरा पडतात. फोड आलेली रिंग पुन्हा लावायची नाही. यंत्राच्या निर्मात्याने सांगितलेल्याच जातीची रिंग घ्या. बाजारात मापाने जुळणारी रिंग मिळते, पण रबर जुळेलच असे नाही.

झाकणाच्या इंटरलॉकला (आत दाब असताना झाकण उघडू न देणाऱ्या सोयीला) तार बांधून ठेवलेली दिसली तर काम सुरू करू नका. पगारापेक्षा हात महत्त्वाचे आहेत, आणि हे बोलायला लाज वाटू देऊ नका.

दहा सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर ३०० बारला सुमारे २४ टनांचा जोर असतो. दोन भरलेले ट्रक त्या झाकणावर आतून ढकलत आहेत असे समजा. वेसलच्या झाकणाच्या रेषेत उभे राहायचे नाही, वाकून पाहायचे नाही.

६. दाब चढवा, टप्प्याटप्प्याने

आधी जॅकेटचे, म्हणजे वेसलभोवतीच्या तापवणाऱ्या आवरणाचे, तापमान ठरलेल्या अंशावर आणा, मग सीओटू घ्या. थंड वेसलमध्ये द्रव भरून, सगळे व्हॉल्व्ह मिटून, नंतर तापवायचे, हा क्रम घातक आहे. दाब पंपाने नव्हे, उष्णतेने चढतो आणि तो थांबवायला बटण नसते.

सिलिंडरच्या दाबावर, साधारण ५० बारला, पहिला थांबा. सगळ्या जोडांवर साबणाचे पाणी. मग १०० बार, मग २००, मग कामाचा दाब. प्रत्येक थांब्याला पाच मिनिटे पंप बंद ठेवून काटा पाहा.

गळती दिसली तर दाबाखाली नट आवळू नका. हा नियम मोडण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण "पाव आटा फिरवला की थांबेल" असेच वाटते. नट तुटला किंवा नळी फेरूलमधून (जोडात नळीला धरणाऱ्या कडीतून) निसटली तर ती गोळीसारखी सुटते. दाब उतरवा, मग आवळा, मग पुन्हा पहिल्यापासून. वेगवेगळ्या कंपन्यांचे नट आणि फेरूल एकत्र वापरू नका, आटे जुळले तरी पकड जुळत नाही. गळती हाताने चाचपून शोधायची नाही. अतिदाबाची बारीक धार कातडीच्या आत शिरते.

सेफ्टी व्हॉल्व्हच्या आणि वेसलच्या मध्ये बंद करता येणारा कोणताही व्हॉल्व्ह नसावा. नकाशात असा दिसला तर यंत्र बसवणाऱ्याला बोलवा. सेफ्टी व्हॉल्व्ह वारंवार फुसफुसतो म्हणून त्याचा स्क्रू आवळून ठेवणे म्हणजे घराच्या फ्यूजच्या जागी जाड तार लावणे.

७. बॅच चालू असताना

बॅक प्रेशर रेग्युलेटर वेसलमधला दाब टिकवून वायू पुढे सोडतो. त्याच्यापाशी दाब एकदम उतरतो, म्हणून ती जागा थंड पडते. त्याचा हीटर चालू आहे ना, हे तासातासाला हात जवळ नेऊन नव्हे, तापमानाच्या आकड्याने पाहा. तिथे बर्फ अडकला तर वरचा दाब चढू लागतो. काटा स्वतःहून वर जातोय असे दिसले की पंप आधी बंद करा, कारण नंतर शोधा.

सेपरेटरमधून, म्हणजे वायूपासून तेल वेगळे होऊन साचते त्या भांड्यातून, तेल काढताना खालचा व्हॉल्व्ह केसभर उघडा. आत अजून ४०-५० बार असतात आणि तेलात वायू विरघळलेला असतो, त्यामुळे ते फेसाळत, थुंकल्यासारखे बाहेर पडते. काचेची अरुंद तोंडाची बाटली धरू नका, स्टीलचे रुंद, उंच काठाचे भांडे घ्या. आणि ताज्या तेलाच्या बाटलीला लगेच घट्ट बूच लावू नका. रात्रभर सैल झाकून ठेवा. टेबलावर फुटलेली बाटली मी साफ केली आहे, काचेचे तुकडे भिंतीत रुतले होते.

सोबत इथेनॉल वापरत असाल तर आगीचा धोका वाढतो. इथेनॉलची वाफ १३ अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते, म्हणजे आपल्याकडे वर्षभर. "सीओटू तर आग विझवतो" हे खरे, पण जोराने सुटलेल्या सुक्या बर्फाच्या कणांमुळे स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. इथेनॉलच्या वाफेत सीओटूचा फवारा सोडू नका, यंत्राचे अर्थिंग तपासा, विजेची उपकरणे फ्लेमप्रूफच हवीत.

एकट्याने पाळी करायची नाही. दुसरा माणूस खोलीबाहेर, नजरेच्या टप्प्यात हवा.

८. दाब उतरवा

माझी चूक इथे झाली होती, म्हणून इथे वेळ द्या.

पंप बंद केल्यावर सिलिंडरचा व्हॉल्व्ह आधी मिटा. मग सिलिंडर ते पंप या तुकड्यातला माल पुढे जाऊ द्या किंवा व्हेंट करा, आणि त्यानंतरच पंपाचा इनलेट व्हॉल्व्ह मिटा. दोन मिटलेल्या व्हॉल्व्हांच्या मध्ये थंड द्रव सीओटू अडकला, तर तो तापताना त्याला फुगायला जागा उरत नाही आणि दाब अंशागणिक सात-आठ बारने चढतो. ५ अंशांवर अडकलेले द्रव खोलीच्या ३५ अंशांवर पोहोचले की त्या छोट्या नळीत अडीचशे बारच्या आसपास दाब असतो, आणि ती नळी कदाचित शंभर बारचीच असते. पंप बंद, ऑपरेटर जेवायला गेलेला, आणि नळी फुटते ती अर्ध्या तासाने. अशा प्रत्येक तुकड्यावर छोटा रिलीफ व्हॉल्व्ह असायला हवा. आहे का, नकाशात बोट ठेवून पाहा.

आता वेसल. ३०० बारवरून थेट बाहेर सोडू नका. एवढा घट्ट सीओटू एकदम हवेत आला की त्यातल्या बऱ्याच भागाचा बर्फ होतो. आधी रेग्युलेटरमधून, हीटर चालू ठेवून, सेपरेटरकडे सावकाश उतरवा. वेसलचा दाब सेपरेटरच्या बरोबरीला, म्हणजे ५०-६० बारला आला, की मग व्हेंटची पाळी.

या सगळ्या वेळात जॅकेट गरम राहिले पाहिजे. दाब उतरताना आतला माल स्वतःच थंड होत जातो. आतले तापमान ३५ अंशांखाली घसरू लागले की व्हेंट मिटा, थांबा, ऊब येऊ द्या, मग पुन्हा सुरू करा. ३१ च्या खाली गेलात की आत द्रव तयार होऊ शकते, आणि तळाशी द्रव राहिले तर पुढे बर्फाला आमंत्रण आहे.

शेवटचे ६० बार सर्वांत सावकाश उतरवायचे. १० बारला एक मोठा थांबा घ्या, दहा मिनिटे तरी. व्हेंटच्या पाइपावर हिव दिसते का पाहा. आवाज हळूहळू विरत जाणे ठीक. आवाज एकदम तुटला तर बोळा बसला आहे असे धरा. बोळा बसला तर पाइपाला ठोकायचे नाही, काडी घालायची नाही, पाइपाच्या तोंडासमोर जायचे नाही. जॅकेट चालू ठेवून वाट पाहायची. आमच्या यंत्रावर दाब उतरवायला आता पाऊण तास लागतो. पूर्वी पंधरा मिनिटांत उरकायचे आणि त्याचा अभिमान वाटायचा.

९. झाकण उघडण्याआधी शून्याची खात्री करा

४०० बारच्या गेजवर २ बार दिसतच नाहीत, काटा टेकणीवर बसलेला असतो. पण दहा सेंटिमीटरच्या झाकणावर २ बार म्हणजे सुमारे १६० किलोंचा जोर. तेवढा चेहरा फोडायला पुरतो.

म्हणून आम्ही तीन खुणा जुळल्याशिवाय पान्याला हात लावत नाही:

१. वेसलच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही बाजूंच्या गेजचे काटे शून्यावर. भुकटीचे ढेकूळ मध्ये असेल तर एक बाजू खोटे बोलते.
२. ० ते १० बारचे छोटे गेज शून्यावर. हे गेज स्वतंत्र व्हॉल्व्हमागे असते आणि दाब ५ बारखाली आल्यावरच तो व्हॉल्व्ह उघडायचा. आधी उघडलात तर छोटे गेज फुटेल.
३. झाकणावरचा ब्लीड व्हॉल्व्ह (उरलासुरला वायू सोडणारा छोटा व्हॉल्व्ह) पूर्ण उघडून, तोंड दुसरीकडे वळवून, पाच मिनिटे शांतता.

ब्लीडच्या भोकातही भुकटी बसते. शंका आली तर पितळेची बारीक काडी बाजूला उभे राहून हलकेच घाला.

सिलिंडरच्या व्हॉल्व्हला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवा. मग क्लॅम्प. आणि क्लॅम्प नेहमीपेक्षा घट्ट लागला तर तो आतून कोणीतरी धरला आहे. पाना मोठा करू नका, आठव्या पायरीवर परत जा.

बास्केट बाहेर काढल्यावर भुकटीतून अजून तासभर सीओटू निघत राहतो. ती बंद खोलीत किंवा बंद पोत्यात ठेवायची नाही, आणि रिकाम्या वेसलमध्ये डोके घालून पाहायचे नाही. जड वायू आत तसाच बसलेला असतो. टॉर्च आणि आरसा वापरा.

१०. काही बिघडलेच तर

नाकात सोड्याच्या बाटलीसारखी झिणझिण, श्वास जोरात चालणे, डोके ठणकणे, छातीत धडधड. यातले एकही जाणवले, सेन्सर वाजला नसला तरी, हातातले सोडून बाहेर या. मुख्य व्हॉल्व्ह बंद करण्याची सोय खोलीबाहेर करून घ्या, म्हणजे तो मिटायला आत राहावे लागणार नाही. बाहेर आल्यावर माणसे मोजा.

आत कोणी पडलेले दिसले तर धावत आत जायचे नाही. हे लिहिताना मलाही जड जाते, कारण आत आपलाच सोबती असतो. पण विहिरीत एकामागून एक उतरून तीन-तीन माणसे गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, तेच इथे होते. तोंडाला बांधलेला रुमाल, धुळीचा मास्क, डबीचा मास्क यांपैकी कशाचाही सीओटूपुढे उपयोग नाही. पाठीवर हवेचा सिलिंडर असलेले श्वसनयंत्र घालून, ते वापरायला शिकलेल्या माणसानेच आत जायचे. बाकीच्यांनी बाहेरून मुख्य व्हॉल्व्ह मिटायचा, दारे उघडायची, पंखा चालू करायचा, अग्निशमन दलाला १०१ आणि रुग्णवाहिकेला १०८ लावायचा. फोनवर "कार्बन डायऑक्साइडची गळती" हे शब्द स्पष्ट सांगा, म्हणजे येणारे तयारीने येतील.

सुक्या बर्फाने किंवा सुटलेल्या धारेने कातडी गोठली तर चोळू नका. कोमट पाण्यात धरा, चिकटलेला कपडा ओढू नका, डॉक्टरकडे जा. डोळ्यात गेले तर कोमट पाण्याने धुवत राहा आणि लगेच दवाखाना गाठा.

रोजची पाळी संपताना लॉगबुकात चार ओळी लिहा : सिलिंडरचे वजन, सर्वाधिक दाब, दाब उतरवायला लागलेली मिनिटे, ओ-रिंगची अवस्था. तिसऱ्या आकड्यावर फिटर काका अजूनही रोज बोट ठेवतात. तो चाळीसच्या खाली दिसला, की दुसऱ्या दिवशी बॅच लावण्याआधी विचारतात, "काल कशाची घाई होती?"